घर आताच धाकट्याच्या नावावर करू नका: बेळगाव-वडगावच्या एका कुटुंबाला सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत. त्यांचे वडील ७२ वर्षांचे, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले. पीएफची पेन्शन महिन्याला ३,२०० रुपये येते. आई ६६ वर्षांची. वडगावात १९८८ साली प्लॉट घेऊन बांधलेलं घर वडिलांच्या नावावर आहे. खानापूर तालुक्यात आजोबांची अडीच एकर जमीन आहे. आजोबा १९९१ मध्ये वारले, पण पहाणीवर (इकडच्या सातबाऱ्यावर) अजून त्यांचं आणि काकांचंच नाव. शिल्लक २२ लाख, त्यातले १३ लाख एका सोसायटीत (पतसंस्थेत) आणि ९ लाख बँकेत. आईला चंदगड तालुक्यात माहेरची २० गुंठे जमीन मिळाली आहे. धाकटा भाऊ बायकोमुलांसह आईवडिलांजवळ राहतो, बहीण चंदगडकडे दिली आहे. वडिलांनी आता असं ठरवलंय की घराचं बक्षीसपत्र धाकट्याच्या नावे करून टाकायचं, बहीण दिवाळीला आली की तिच्याकडून हक्कसोड घ्यायचं, आणि बँकेत नॉमिनी आहेच, तेव्हा मृत्युपत्राची गरज नाही. हे बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

बक्षीसपत्र करू नका. घर शेवटी धाकट्यालाच मिळावं या वडिलांच्या इच्छेला माझा विरोध नाही. जो जवळ राहतो, अपरात्री दवाखान्यात नेतो, त्याला घर द्यावंसं वाटणं रास्तच आहे. पण आज देणं आणि आपल्या पश्चात देणं यात मोठा फरक आहे, आणि तो सगळ्यांत जास्त तुमच्या आईला जाणवणार आहे. बेळगावच्या दिवाणी कोर्टात वकिली करताना मी जी म्हातारी माणसं पाहतो, त्यांत स्वतःच्याच घरातली खोली मागायला आलेल्या विधवा बायका फार असतात. त्यातल्या बहुतेकींच्या नवऱ्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. जमीन कुणाला आणि घर कुणाला एवढाच विचार केला; मागे राहणारी बाई कुठे राहील आणि काय खाईल, हा विचार राहून गेला.

नोंदणी झालेलं बक्षीसपत्र देणाऱ्याला एकट्याच्या मर्जीने रद्द करता येत नाही. घर त्या दिवसापासून मुलाचं होतं. त्याने धंद्यासाठी कर्ज काढलं आणि घर तारण ठेवलं, तर बँकेला तुमच्या आईवडिलांचं वय दिसत नाही. आणि बोलायला नको वाटावी अशी एक गोष्ट बोलायलाच हवी. धाकटा भाऊ वडिलांच्या आधी गेला तर घर कुणाचं? हिंदू वारसा कायद्यात पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलं, मुली आणि आई. वडील त्यात नाहीत. म्हणजे घर सुनेला, नातवंडांना आणि तुमच्या आईला जाईल, आणि ज्यांनी विटा रचल्या त्या वडिलांना त्यात काहीही हक्क राहणार नाही. हे सांगितलं की बहुतेक वडील गप्प होतात, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याचं २३ वं कलम बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं: मुलाने सांभाळलं नाही तर दिलेली मिळकत परत घेता येते. येते, पण सांभाळण्याच्या अटीवर दिली असेल तर. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की अशी अट होती हे दिसायला हवं; जानेवारी २०२५ च्या निकालात कायदा म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने उदारपणे वाचला, पण त्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं वचन वेगळं लिहून दिलेलं होतं. आपल्याकडे बॉंड रायटर लिहितात, ‘प्रेमापोटी व मायेपोटी देत आहे’, आणि एवढ्यावर थांबतात. वडील ऐकतच नसतील आणि बक्षीसपत्र करायचंच असेल, तर दस्तात तीन गोष्टी लिहून घ्या: दोघांच्या हयातीपर्यंत राहण्याचा आणि भाड्याचा हक्क त्यांचाच, मुलाने अन्न-औषध-सेवा करायची, आणि तसं न झाल्यास दस्त रद्दबातल. हयातीचा ताबा राखून ठेवला म्हणून बक्षीसपत्र बाद होत नाही, हे २०१४ च्या निकालाने स्पष्ट झालं आहे. तक्रार करायची वेळ आलीच तर ती असिस्टंट कमिशनरच्या न्यायाधिकरणापुढे. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे तीन उपविभाग आहेत. पण या वयात त्या कचेरीच्या पायऱ्या चढायला लागू नयेत, म्हणून मी मृत्युपत्राचा आग्रह धरतो.

मृत्युपत्राकडे येण्याआधी वडिलांचं स्वतःचं नेमकं काय, हे ठरायला हवं. घर आणि पैसे त्यांचे स्वतःचे, त्यात शंका नाही. फक्त १९८८ चं खरेदीखत नोंदणीकृत आहे ना, ते आज बघा. वडगाव, अनगोळ, येळ्ळूर रोड या पट्ट्यात त्या काळी कितीतरी प्लॉट नुसत्या बॉंडवर विकले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानुसार करारनामा किंवा मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. खरेदीखत असेल तर महापालिकेचा ई-खाता (मिळकतीच्या नोंदीचा उतारा) वडिलांच्या नावे, आधारवरच्या स्पेलिंगप्रमाणे करून घ्या.

जमिनीचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. ‘आजोबांची म्हणजे वडिलोपार्जित’ असं सगळेच म्हणतात, पण ते नेहमी खरं नसतं. जमीन आजोबांनी स्वतः विकत घेतली असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर ती त्यांच्या वारसांना समान गेली: तुमचे वडील, काका आणि आत्या. आजी मागून गेली असेल तर तिचा वाटाही याच तिघांत फिरला. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे. वडिलांच्या वाट्याला साधारण ३३ गुंठे, आणि ते त्यांचे स्वतःचे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलं आहे की असा वारशाने आलेला वाटा मुलाच्या हातात त्याचा वैयक्तिक असतो, नातवाला त्यात जन्मतः हक्क नसतो. ते ३३ गुंठे वडील मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात.

पण जमीन पणजोबांपासून चालत आली असेल, तर ती एकत्र कुटुंबाची. मग वडिलांच्या शाखेला येणाऱ्या भागात तुम्हा दोघा भावांचा आणि बहिणीचा जन्मतः हक्क आहे. मुलगी विवाहित असो वा नसो, वडील कधीही वारलेले असोत, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीचा हक्क तिला जन्मापासून आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. त्यामुळे आत्याचा हक्कही जिवंत आहे. कर्नाटकाच्या १९९४ च्या दुरुस्तीत तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं, म्हणून आपल्या भागात अजून ‘लग्न झालेलीला वाटा नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ती गोष्ट मागे पडली. आपला भाग हिंदू कायद्याच्या मुंबई परंपरेतला. प्रत्यक्ष वाटणी झाली तर आईलाही मुलाइतका वाटा मिळतो. म्हणजे आईवडील आणि तुम्ही तिघं, पाच समान भाग, आणि वडिलांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचा एक भाग देता येईल.

यातलं खरं काय, हे जुन्या कागदांत सापडतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे खानापूर-बेळगाव भागातले बरेच जुने कागद मराठीत आहेत, काही मोडीतही. तहसील कचेरीतून त्या सर्व्हे नंबरच्या सगळ्या म्युटेशन एंट्रीच्या (फेरफारांच्या) नकला काढा, आजोबांचं नाव कोणत्या एंट्रीने लागलं ते बघा. जमीन कुळ म्हणून मिळाली असेल, म्हणजे जमीन सुधारणा कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर फॉर्म नंबर ७ भरून लँड ट्रिब्युनलचा आदेश झाला असेल, तर तो आदेश आधी मिळवा. कुळाचा हक्क एकट्याचा की कुटुंबाचा, यावर वाद होतात. नंतर नाडकचेरीतून (गावपातळीवरच्या महसूल कचेरीतून) वंशवृक्षाचा दाखला घेऊन वारसा लावा, आणि त्यात आत्याचं नाव घाला. गावात वर्दी देताना बहिणींची नावं गाळायची जुनी सवय आहे. पहाणीवर नाव नाही म्हणून हक्क जात नाही आणि नाव लागलं म्हणून मालकी येत नाही. पण गाळलेलं नाव पुढच्या पिढीला कोर्टात नेतं आणि अपील धारवाडच्या खंडपीठापर्यंत जातं.

आता पैसे. मला सगळ्यांत जास्त काळजी त्या १३ लाखांची वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही जा, गल्लोगल्ली सोसायट्या आहेत. त्यांनी अनेकांची लग्नं पार पाडली, दुकानं उभी केली, हे मी नाकारत नाही. पण सौहार्द सहकारी संस्था असो की बहुराज्य पतसंस्था, ती बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराची ५ लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दोन-अडीच टक्के जास्त व्याजासाठी ७२ वर्षांच्या माणसाने आपल्या निम्म्याहून अधिक पुंजीचा धोका पत्करू नये. संस्था अडचणीत आली तर राज्यातल्या संस्थेसाठी सहकार निबंधक, बहुराज्य संस्थेसाठी थेट दिल्लीचे केंद्रीय निबंधक, आणि या वयात तेवढी वाट बघायला वेळ नसतो. ठेवी जसजशा मुदतीला येतील तसतशा काढा, नूतनीकरण करू नका. चेअरमन ओळखीचे आहेत, घरी चहाला येतात, हे ठेव तिथेच राहू देण्याचं कारण होऊ शकत नाही.

तो पैसा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. खातं पोस्टात किंवा बँकेत उघडतं. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि माणशी मर्यादा ३० लाख. सरकार दर तिमाहीला नवा दर जाहीर करतं, पण तुम्ही खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. माझा सल्ला असा: १५ लाख या योजनेत, पण साडेसात वडिलांच्या खात्यात आणि साडेसात आईच्या स्वतंत्र खात्यात. ८.२ टक्क्यांनी प्रत्येक खात्यावर तिमाहीला १५,३७५ रुपये मिळतात, दोन्ही मिळून महिन्याला सरासरी १०,२५०. सगळे एकाच नावावर ठेवले तर व्याज वर्षाला १ लाख २३ हजार होतं आणि एका वर्षात १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस कापला जातो. दोन नावांवर ठेवल्याने ती कटकटही वाचते. बायकोला दिलेल्या पैशावरचं व्याज प्राप्तिकरासाठी नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात खरं, पण एवढ्या उत्पन्नावर त्यांना कराची चिंता नाही.

खातं फुटावं म्हणून मी हे सांगत नाही. आईच्या नावावर पासबुक असावं, तिला ते वाचता यावं, तिमाहीचं व्याज कुठे जमा होतं ते तिला ठाऊक असावं, म्हणून सांगतो. दोन्ही खात्यांवर नवरा-बायको एकमेकांचे एकमेव नॉमिनी असू द्या, तिन्ही मुलांची नावं घालू नका. जोडीदार एकटाच नॉमिनी असला की पश्चात पैसा थेट त्याच्या हाती येतो. उरलेल्या ७ लाखांतले ४ लाख बँकेत, दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती काढू शकेल अशा जोडखात्यात. ३ लाख दवाखान्यासाठी हाताशी.

पेन्शनचंही बघा. पीएफच्या पेन्शनमध्ये नवऱ्याच्या मागे बायकोला निम्मी मिळते, म्हणजे ३,२०० ची १,६००. सगळे १५ लाख बचत योजनेतच राहिले असं धरून आईला महिन्याला सुमारे ११,८५० येतील. फार नाहीत, पण कुणापुढे हात पसरायला लागणार नाही एवढे आहेत, घर तिचं असेल तर. पेन्शनच्या आदेशावर आईचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे ना, ते वडील हयात असतानाच तपासा. आपल्याकडे एकच नाव मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरं आणि इंग्रजीत तिसरं होतं. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या जवानांच्या घरांतही हीच रड असते: लष्कराच्या नोंदीत बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं, आणि कुटुंब निवृत्तिवेतन त्या एका अक्षरासाठी अडून राहतं. नवरा हयात असताना ही दुरुस्ती त्याच्या अर्जावर होते. नंतर विधवेला स्वतःची ओळख पटवत फिरावं लागतं.

‘नॉमिनी आहे, मग मृत्युपत्र कशाला’ हा समज खोडायलाच हवा. नॉमिनीला बँक पैसे देते ते वारसांच्या वतीने सांभाळायला. १९८४ पासून २०२३ पर्यंत, विमा, बँक, शेअर, एकेका विषयात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. (आयुर्विम्यात २०१५ पासून जोडीदार, मुलं, आईवडील नॉमिनी असले तर पैसा त्यांचाच, एवढा अपवाद.) १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, तरी मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. वडिलांची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी त्यांना सही करताना पाहिलं आणि त्यांच्यासमोर स्वतः सह्या केल्या, एवढ्यावर ते कायद्याने पूर्ण होतं. बेळगावात प्रोबेटही (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेणं) सक्तीचं नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करा; खोटं आहे म्हणणाऱ्याचं बळ कमी होतं. साक्षीदार मात्र वडिलांच्या वयाचे घेऊ नका. वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं, नोंदणीचा शिक्का त्याची जागा घेत नाही. चाळिशीतला शेजारी किंवा डॉक्टर बरा, आणि ज्याला काही मिळणार आहे तो नको.

भाषेबद्दल मी फार आग्रही आहे. वडील मराठी वाचतात, तर मृत्युपत्र मराठीतच लिहा. कन्नड न वाचता येणाऱ्या माणसाने कन्नड दस्तावर सही केली की ‘त्यांना काय लिहिलंय ते कळलंच नव्हतं’ हा पहिला आक्षेप तयार होतो. मृत्युपत्र कोणत्याही भाषेत चालतं. नोंदणी अधिकाऱ्याला ती भाषा येत नसेल आणि जिल्ह्यात ती प्रचलित नाही असं त्याने धरलं, तरी नोंदणी कायद्याचं १९ वं कलम उपाय देतं: खरा अनुवाद आणि खरी नक्कल सोबत जोडायची. कन्नड अनुवाद करून घ्या, नकार मिळाला तर हे कलम दाखवा.

मजकुरात घर आईला हयातीपर्यंत राहायला आणि गरज पडल्यास भाड्याने द्यायला, विकायला किंवा गहाण ठेवायला नाही, आणि तिच्या पश्चात धाकट्या मुलाला, असं स्वच्छ लिहा. शब्द मोघम राहिले तर वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाचा आधार घेऊन तिचा हक्क पूर्ण मालकीचा की मर्यादित, असा वाद उभा राहतो, तेव्हा हा परिच्छेद वकिलाकडूनच लिहून घ्या. बँकेतला पैसा पूर्णपणे आईला. धाकट्याला घर का दिलं आणि तुम्हाला का नाही, याचं कारण दोन ओळींत वडिलांच्या शब्दांत असू द्या.

आईचंही मृत्युपत्र हवं, हे कुणाच्या मनात येत नाही. चंदगडची २० गुंठे तिची स्वतःची आहेत. तिने काही लिहिलं नाही तर ती नवरा आणि तिन्ही मुलांत समान जातील. महाराष्ट्रातली जमीन असली म्हणून वेगळं मृत्युपत्र लागत नाही, पण कागदांची भाषा बदलते: तिकडे सातबारा, फेरफार आणि वारस नोंद, इकडे पहाणी, एम.आर. (म्युटेशन रजिस्टर) आणि नाडकचेरी. गट नंबर आणि सर्व्हे नंबर दोन्हीकडच्या ताज्या उताऱ्यावरून उतरवा, आठवणीवरून नको.

राहिला बहिणीच्या हक्कसोडाचा विषय. वडगावचं घर वडिलांचं स्वकष्टार्जित आहे. ते हयात असताना त्यात मुलीला कसलाच हक्क नाही, तुम्हालाही नाही. पुढे वारस होण्याची नुसती शक्यता सोडून देता येत नाही, त्यामुळे असल्या दस्ताला कायद्यात किंमत शून्य. वडिलांचं मृत्युपत्र असेल तर त्याची गरजही नाही. खानापूरच्या जमिनीत मात्र, ती एकत्र कुटुंबाची ठरली तर, तिचा हक्क आजच आहे आणि तो सोडायचा असेल तर नोंदणीकृत दस्तच लागेल. तेव्हा दिवाळीला साडीचोळी करून कागद पुढे सरकवू नका. आधी म्युटेशनच्या नकला तिला दाखवा, तिच्या वाट्याला किती गुंठे येतात ते सांगा, आणि तिच्या घरी जाऊन विचार करायला वेळ द्या. ती वाटा मागेल तर तो तिचा आहे. सोडेल तर समजून सोडेल. वाटणी करायचीच झाली तर ११-ई नकाशा (वाटणीच्या तुकड्यांचा सरकारी मोजणी नकाशा) काढून, काका, आत्या, आईवडील आणि तुम्ही तिघं, सगळ्यांच्या सह्यांचं एकच वाटणीपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. शंभराच्या बॉंडवरचं आपापसातलं लिहिणं धरू नका.